कायदा सुबोध झाला. कारभार होईल काय?

प्राप्तिकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून देशात अंमलात आला आणि १९६१ चा जुना कायदा चौसष्ट वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला. कायदे येतात आणि जातात. त्यांपैकी बहुतेकांची वार्ता वकिलांखेरीज कोणास लागतही नाही. प्राप्तिकराच्या कायद्याची गोष्ट वेगळी आहे. मध्यमवर्गाच्या घरी दरसाल न चुकता येणारा आणि दरसाल खर्चात पाडणारा असा हा पाहुणा आहे. नोकरदाराच्या पगारपत्रकावर, दुकानदाराच्या खतावणीत आणि निवृत्तांच्या मुदत ठेवीच्या पावतीवर त्याची सही असते. आकारणी वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२४ पर्यंत सव्वासात कोटींहून अधिक नागरिकांनी आपली विवरणपत्रे सादर केली. त्यांतील पुष्कळांना एक पैचाही कर भरावा लागला नाही. पण विवरणपत्र भरण्याचा व्याप कोणासही चुकला नाही. इतक्या लोकांच्या संसाराला स्पर्श करणारा कायदा जेव्हा सबंध नव्याने लिहिला जातो, तेव्हा त्याचे स्वागत किंवा निषेध करण्यापूर्वी त्याने नक्की काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

जे बदलले ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण ते थोडे नाही. १९६१ चा कायदा जन्मला तेव्हा त्यात २९८ कलमे होती. साठ वर्षांत प्रत्येक अर्थसंकल्पाने त्यात काही घातले, काही काढले, आणि घातले ते काढले त्यापेक्षा अधिक. कलमांची संख्या ८१९ झाली. शेवटच्या कलमाचा क्रमांक मात्र २९८ हाच राहिला. मधल्या कलमांना इंग्रजी अक्षरांची शेपटे जोडीत जाण्याची युक्ती योजिली गेली, आणि '११५ बीएसी', '८० टीटीबी', '१९४ टी' अशा नावांची एक वसाहतच कायद्यात वसली. एका कलमाला परंतुक, त्या परंतुकाला स्पष्टीकरण आणि त्या स्पष्टीकरणाला पुन्हा अपवाद, अशी ही वाक्ये वाचताना कर्ता एका पानावर आणि क्रियापद तिसऱ्या पानावर शोधावे लागे. आम्ही काही वर्षे शाळेत भाषा शिकविली आहे. एखाद्या विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले असते, तर आम्ही ते लाल शाईने खोडून त्यास पुन्हा लिहावयास लावले असते. सरकारने आता ते काम केले आहे. सुमारे १,२०० परंतुके आणि ९०० स्पष्टीकरणे गाळून, सुमारे ५ लाख १२ हजार शब्दांचा कायदा २ लाख ६० हजार शब्दांवर आणला आहे. ४७ प्रकरणांची २३ झाली, कलमे ५३६ उरली, आणि जेथे शब्दांचे जंजाळ होते तेथे ५७ तक्ते आणि ४६ सूत्रे आली. करकपातीच्या नाना तरतुदी विविध कलमांत विखुरल्या होत्या. पगाराखेरीजच्या बहुतेक आता ३९३ या एका कलमात तक्त्यांच्या रूपाने सापडतात. हे काम कष्टाचे होते आणि ते करणाऱ्यांचे अभिनंदन करण्यात कृपणता दाखविणे योग्य होणार नाही.

एक सुधारणा तर सामान्य माणसाने मनापासून स्वीकारावी अशी आहे. जुन्या कायद्यात दोन वर्षे होती: पैसा मिळविला ते 'मागील वर्ष' आणि त्यावर कर आकारला ते 'आकारणी वर्ष'. चालू वर्षाला 'मागील' म्हणावयाचे आणि पुढील वर्षाच्या नावाने कर भरावयाचा, हा व्यवहार नवशिक्याला कधीच उमगला नाही. अग्रिम कराच्या चलनावर चुकीचे वर्ष घालून पैसा भलत्याच खात्यात जमा झाल्याची आणि मग तो सोडवून आणण्यासाठी हेलपाटे घातल्याची उदाहरणे प्रत्येक कर सल्लागाराच्या संग्रही आहेत. नव्या कायद्यात 'करवर्ष' हा एकच शब्द आहे. तथापि या संक्रमणाच्या काळात वाचकांनी सावध राहावे. २०२५-२६ या वर्षीच्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या कायद्यान्वयेच भरावयाचे आहे आणि त्याचे नाव 'आकारणी वर्ष २०२६-२७' असे आहे. त्याच सुमारास चालू उत्पन्नावर जो कर कापला जातो किंवा अग्रिम भरला जातो, तो नव्या कायद्याच्या 'करवर्ष २०२६-२७' चा. अंक तेच, अर्थ निराळे. जो घोळ मिटविण्यासाठी नवा शब्द आणला, तोच घोळ पहिल्या वर्षी दुप्पट होण्याचा संभव आहे. चलन भरताना दोन वेळा वाचावे, एवढेच आम्ही सांगू.

भाषा बदलली, दर तेच

आता जे बदलले नाही ते पाहू. सरकारने प्रारंभापासून स्पष्ट केले होते, की नव्या कायद्यात कराचे धोरण बदलावयाचे नाही. केवळ मांडणी बदलावयाची. तेव्हा ज्याला करदात्याचे खरे सुखदुःख म्हणावे, ते या ५३६ कलमांच्या भाषेत सापडणार नाही. ते २०२५ च्या वित्त अधिनियमात आहे. अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीखाली १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न, आणि पगारदाराच्या बाबतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतचे उत्पन्न, करातून मुक्त केले. सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडून ही सवलत देण्यात आली. मध्यमवर्गास इतका मोठा दिलासा क्वचितच मिळाला असेल, आणि तो कृतज्ञतेने मान्य केला पाहिजे.

परंतु त्या दिलाशाच्या पोटात एक मोठा निर्णय दडलेला आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. १५ लाख रुपये वार्षिक पगार असलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका गृहस्थाचे उदाहरण घ्या. तो दीड लाख रुपये भविष्य निर्वाह निधीत आणि विम्यात घालतो, घराच्या कर्जावर दोन लाख व्याज भरतो आणि पंचवीस हजारांचा आरोग्य विमा उतरवितो. जुन्या पद्धतीने या सर्वांची आणि ५० हजारांच्या प्रमाणित वजावटीची बेरीज उत्पन्नातून वजा केली, तर कर आणि चार टक्के अधिभार मिळून त्यास १,४०,४०० रुपये भरावे लागतात. त्याचा शेजारी, तितकाच पगार असलेला, यांपैकी काहीही करीत नाही. नव्या पद्धतीने त्याचा कर ९७,५०० रुपये होतो. म्हणजे कायद्याने सांगितलेली सारी काटकसर मनोभावे करून जो जुन्या पद्धतीस चिकटून राहील, तो ४२,९०० रुपये अधिक भरील. अर्थात तोही नव्या पद्धतीकडे जाऊ शकतो आणि गेलाच पाहिजे. पण मग त्याच्या बचतीची दखल कर कायदा घेणार नाही.

यात अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. करकायद्याने नागरिकास संसार कसा करावा हे शिकवू नये, असे मानणारा एक प्रतिष्ठित पक्ष आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सवलतींच्या आशेने भलत्याच विमा योजना गळ्यात बांधून घेणारे कितीतरी लोक आपल्या परिचयाचे आहेत. पण तीन पिढ्यांचा मराठी मध्यमवर्ग ज्या रीतीने बचत शिकला, ती रीत याच कायद्याने लावली होती, हे विसरता येणार नाही. मार्च महिन्यात पोस्टाच्या खिडकीपुढील रांग, राष्ट्रीय बचतपत्राची ती जाड कागदाची घडी, विम्याच्या हप्त्याची पावती कचेरीत वेळेवर पोचविण्याची धांदल, हे सर्व करापोटी होते हे खरे; परंतु मुलीच्या लग्नाला आणि मुलाच्या शिक्षणाला पुढे तेच पैसे कामास आले. आता ती सक्ती गेली. सरकारने मास्तराची छडी खाली ठेवली आहे आणि वर्ग स्वतःच्या जबाबदारीवर अभ्यास करील अशी अपेक्षा धरली आहे. वाढीव पगार हातात पडला म्हणजे तो कोठे जाईल, याचा विचार प्रत्येक घराने आता स्वतः करावयास हवा. जुनी पद्धतही अद्याप जिवंत असल्यामुळे दरसाल दोन्ही रीतींनी हिशेब मांडून पाहण्याचा व्याप उरतोच. आणि धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्यास तर ही निवड वारंवार बदलता येत नाही. जुन्या पद्धतीकडे गेलेला व्यावसायिक एकदा नव्या पद्धतीत परतला, की पुन्हा माघारी फिरण्याचा मार्ग त्यास बंद होतो. एका देशात, एकाच उत्पन्नावर, दोन तऱ्हांचे कर चालू असताना कायदा सोपा झाला असे म्हणणे धाडसाचे आहे.

नियम कोणाचा: संसदेचा की यंत्राचा?

याहून गंभीर प्रश्न कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा आहे. आजचा करदाता कायदा वाचून कर भरीत नाही. तो संगणकाच्या पडद्यावर जो नमुना दिसतो तो भरतो. त्या नमुन्यात जी जागा नाही, तो हक्क त्याच्यापुरता अस्तित्वात नसतो. संसदेने दिलेले यंत्राने काढून घेतले तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न काल्पनिक नाही. तो २०२४ साली मुंबईत प्रत्यक्ष उभा राहिला. नव्या पद्धतीत ठराविक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना कलम ८७ ए खाली जी करसूट मिळते, ती शेअर विक्रीच्या अल्पमुदतीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नासही लागू आहे काय, असा तो वाद होता. ५ जुलै २०२४ पर्यंत प्राप्तिकर खात्याची संगणक प्रणाली ही सूट मागू देत होती. त्यानंतर तिने ती मागणेच बंद केले. मधल्या काळात संसदेने कायदा बदलला नव्हता आणि कोणत्या न्यायालयाचा निकालही झाला नव्हता. चार जुलैला विवरणपत्र भरणारा आणि सहा जुलैला भरणारा, यांच्यात केवळ दोन दिवसांमुळे भेद झाला.

'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' या मुंबईच्या संस्थेने हे प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात नेले. न्यायालयाने प्रथम डिसेंबरमध्ये मुदत वाढवावयास लावली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. सूट मिळावी की नाही हा वादाचा मुद्दा असू शकतो आणि तो योग्य त्या कार्यवाहीत ठरेल. परंतु मागणी करण्याचा दरवाजाच यंत्राने बंद करणे गैर आहे, असा त्याचा आशय होता. पुढे २०२५ च्या वित्त अधिनियमाने ही सूट विशेष दराच्या उत्पन्नावर मिळणार नाही असे भविष्यापुरते स्पष्ट केले. तसे करण्याचा संसदेस पूर्ण अधिकार आहे, आणि जे काम संसदेचे ते अखेर संसदेने केले हे बरेच झाले. आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर आकारता अगर वसूल करता येणार नाही. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लहरी राजे आणि मगरूर अधिकारी असतील. आज तेथे संगणकाची प्रणालीही धरावी लागेल.

२०२५ साली विवरणपत्रांचे नमुने वेळेवर तयार झाले नाहीत. ३१ जुलैची मुदत आधीच १५ सप्टेंबरवर न्यावी लागली. आणि १५ सप्टेंबरच्या रात्री, मध्यरात्र जवळ आली असता, आणखी एका दिवसाची मुदतवाढ जाहीर झाली. ज्यांनी त्या संध्याकाळी कर सल्लागारांच्या कचेऱ्या पाहिल्या असतील, त्यांना परीक्षेच्या शेवटच्या घंटेची आठवण झाली असेल. फरक इतकाच, की येथे प्रश्नपत्रिकाच उशिरा आली होती आणि वेळ मात्र परीक्षार्थ्यांचा जात होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सरल' नावाचा एका पानाचा नमुना निघाला होता. आम्ही तेव्हा शाळामास्तर होतो, आणि शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत चहा पिता पिता आम्ही तो भरला आहे. तो कोणास विचारावा लागला नाही. तो नमुना पुढे गेला. त्याच्या जागी आलेल्या नमुन्यांची नावे आम्हांला आज सांगता येणार नाहीत. सुबोधता टिकवून धरावी लागते. एकदा कायदा लिहून ती कायमची लाभत नाही, हाच त्याचा धडा आहे.

धंदा करणाऱ्यांची बाजू

पगारदाराचा कर त्याचा मालक कापतो. तेव्हा त्याची चिंता वर्षातून एका महिन्याची असते. लहान धंदेवाल्यास ती बाराही महिने असते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने एक चांगल्या हेतूचा नियम आणला. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. केले नाहीत आणि वर्षअखेर देणे थकले, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्यास उत्पन्नातून वजा करता येणार नाही. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या छोट्या कारखान्यात सुटे भाग घडविणाऱ्याचे पैसे मोठ्या गिऱ्हाइकाकडे चार-चार महिने अडकतात, हे कोणास ठाऊक नाही? त्यास कायद्याने हात दिला हे उत्तम झाले. पण ज्याच्या हातात ऑर्डर आहे त्याच्याच हातात सत्ता असते. नोंदणीकृत लघुउद्योगाऐवजी नोंदणी नसलेल्याकडून किंवा मध्यम उद्योगाकडून माल घ्यावा, असा विचार गिऱ्हाइकाने केला तर ज्याच्या रक्षणासाठी नियम आला तोच उघड्यावर पडतो. नियमाचा परिणाम मोजून पाहण्याची व्यवस्था नियमाबरोबरच हवी, ती आपल्याकडे बहुधा नसते.

१ एप्रिल २०२५ पासून आणखी एक नियम आला. भागीदारी पेढीने भागीदारास दिलेला पगार, कमिशन, बोनस किंवा व्याज वर्षाकाठी २० हजारांहून अधिक झाल्यास त्यातून दहा टक्के कर कापून सरकारजमा करावयाचा. दोन भावांनी मिळून चालविलेल्या दुकानात याचा अर्थ असा होतो, की भावाने भावाचा कर कापावयाचा, तो वेळेवर भरावयाचा, दर तिमाहीस त्याचे विवरण द्यावयाचे, आणि चुकल्यास व्याज भरावयाचे. रक्कम सरकारला एरवीही मिळणारच होती. वाढला तो कागद.

याच्या उलट एक उदाहरण याच कायद्यात आहे, आणि ते मुद्दाम सांगितले पाहिजे. दोन कोटींपर्यंत, आणि रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंत, उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या आठ टक्के, किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा गृहीत धरून कर भरता येतो. सविस्तर हिशेबाच्या वह्या आणि त्यांची तपासणी यांची कटकट मग राहत नाही. ही योजना लोकांना समजते, कारण ती एका वाक्यात सांगता येते. आणि ती एका वाक्यात सांगता येते, कारण तिच्या मुळाशी करदात्यावर विश्वास आहे. ज्या नियमाच्या मुळाशी संशय असतो त्याला परंतुके लागतात. कायदा लांबतो तो भाषेमुळे थोडा आणि संशयामुळे फार.

समतोल कोठे आहे?

हा संशय दोन्ही बाजूंनी सारखा असता तरी एक वेळ चालले असते. करदात्याने कर भरण्यास उशीर केला तर त्यास दरमहा एक टक्का व्याज द्यावे लागते. सरकारने करदात्याचा परतावा देण्यास उशीर केला तर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते, आणि त्या व्याजावरही पुन्हा कर आहे. एकच रुपया, नागरिकाच्या खिशातून जाताना तो सरकारच्या खिशातून येताना असतो त्याच्या दुप्पट मोलाचा होतो. १३ ऑगस्ट २०२० रोजी करदात्यांची सनद मोठ्या समारंभाने जाहीर झाली होती. सनदेतील सौजन्याच्या शब्दांहून या एका अर्ध्या टक्क्याची दुरुस्ती अधिक बोलकी झाली असती. खात्याजवळ आज करदात्याची इत्थंभूत माहिती आहे. त्याची बँकेतील ठेव, शेअरांचे व्यवहार, घराची खरेदी, परदेशी पाठविलेला पैसा, हे सारे २०२१ पासून वार्षिक माहितीपत्रकात त्याच्याच डोळ्यांसमोर मांडले जाते. नव्या कायद्याच्या २४७ व्या कलमाने झडतीच्या प्रसंगी अधिकाऱ्यास संगणकाचे, ई-मेलचे आणि समाजमाध्यमांवरील खात्याचे कुलूपही उघडता येईल. करचुकव्यांस शोधण्यास साधने हवीत, हे आम्हांस मान्य आहे. पण एक पक्ष काचेच्या घरात आणि दुसरा पडद्याआड, अशा स्थितीत जो पक्ष बलवान त्याच्यावर बंधने अधिक असावी लागतात.

बंधनांचे काम संसदेचे, आणि तेथेच आमची मोठी निराशा झाली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेले विधेयक श्री. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. समितीने २८५ शिफारशी केल्या. मूळ मसुद्यात मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्यास परतावाच नाकारण्याची एक तरतूद शिरली होती. आजारपणामुळे वा अज्ञानामुळे उशीर झालेल्या गरीब माणसाचा हक्काचा पैसा त्यामुळे बुडाला असता. समितीने ती तरतूद काढावयास लावली. डोळसपणे वाचणारे चार जण असले म्हणजे काय साधते याचा हा पुरावा आहे. परंतु सुधारलेले विधेयक ११ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आले आणि गदारोळात, चर्चेवाचून, काही मिनिटांत संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने त्यास मान्यता दिली. गोंधळ घालणाऱ्यांनी आणि गोंधळातच काम उरकणाऱ्यांनी, दोघांनीही, करदात्याची निराशा केली.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणारे नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली साम्राज्याच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती मतांचे बळ नव्हते. आकडे होते, अभ्यास होता. सरकारची शिल्लक हा गरिबांवरील जादा कराचा पुरावा आहे, हे त्यांनी त्याच आकड्यांनी दाखविले, आणि मिठावरील कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी मिठाचा कर उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा वार्षिक पाचशेवरून हजार रुपये झाली. परक्या राज्यात, मताधिकार नसता, एका शिक्षकाने जे मिळविले, ते स्वतःच्या राज्यात, सारे अधिकार असता, आपले प्रतिनिधी बोलून तरी दाखवितील, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आमची मागणी

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला, तो १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी. तेव्हा तो राज्यकर्त्यांचा कर होता. आज तो आपला कर आहे. त्यातून रस्ते, शाळा आणि सीमेवरच्या चौक्या उभ्या राहतात. तो चुकविणाऱ्याबद्दल आम्हांस कसलीही सहानुभूती नाही. परंतु प्रामाणिक नागरिकाचा एक हक्क सरकारने मान्य केला पाहिजे: वर्ष सुरू होताना त्याला आपला कर आपण मोजता आला पाहिजे, आणि मोजलेला आकडा वर्षअखेर तोच राहिला पाहिजे. २०१२ साली पूर्वलक्षी दुरुस्तीने जुन्या व्यवहारांवर कर बसविला गेला आणि तो मागे घेण्यास २०२१ साल उजाडले. २३ जुलै २०२४ रोजी वर्षाच्या मध्येच घरविक्रीवरील कराची रीत त्याच दिवसापासून बदलली गेली आणि ओरड झाल्यावर जुन्या मालकांस पर्याय देणे भाग पडले. अशा गोष्टी सुबोध भाषेत लिहिल्या तरी सुसह्य होत नाहीत.

म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो. कराची रीत वर्षाच्या मध्ये बदलू नये. विवरणपत्राचे नमुने आणि त्यांची संगणक प्रणाली वर्ष संपताच तयार असावी, आणि त्यांतील उणिवेमुळे झालेल्या चुकीचा दंड करदात्यावर पडू नये. परताव्यावरील व्याज थकबाकीवरील व्याजाइतकेच असावे. आणि कायद्याचा अधिकृत पाठ मराठीत सामान्य वाचकाच्या हाती यावा. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील अधिकृत पाठ प्रसिद्ध करण्याची सोय १९७३ च्या कायद्यानेच करून ठेवलेली आहे. आता इंग्रजी पाठ सुटसुटीत झाला असता भाषांतरास कारणे उरली नाहीत. इंग्रजी सोपे झाल्याने कायदा वकिलास सोपा होतो. चिपळूणच्या दुकानदारास आणि लातूरच्या निवृत्त मुख्याध्यापिकेस तो सोपा व्हावयाचा तर तो त्यांच्या भाषेत बोलला पाहिजे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. कर सल्लागाराकडे कागदांची पिशवी टाकून मोकळे होण्याची सवय आता सोडावी. आपल्या उत्पन्नाला लागू होणारी चार पाने तरी या वर्षी स्वतः वाचावीत, दोन्ही पद्धतींचा हिशेब स्वतः मांडावा, आणि जेथे समजणार नाही तेथे आपल्या खासदारास पत्र लिहून विचारावे. कायद्याचे पुस्तक पातळ झाले आहे. ते उघडण्याचे श्रम मात्र आपले आहेत.